चाळीवर माणसांचा पाऊस: मॅग्रीतचं ‘गोलकोंडा’ स्वतःच्या फोटोंमधून कसं उभं करावं

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक असाइनमेंट होती. एक नावाजलेलं सर्रिअल, म्हणजे स्वप्नातल्यासारखं अशक्य काहीतरी दाखवणारं, चित्र निवडायचं आणि स्वतः काढलेल्या फोटोंमधून ते पुन्हा उभं करायचं. नेटवरून उचललेला तुकडा एकही चालणार नाही, आभाळसुद्धा नाही. आता ज्युनिअर मंडळी मला रोज मेसेज करतात, ‘ताई, तू कसं केलंस?’ प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

चित्र निवडण्यातच निम्मं काम होतं किंवा बिघडतं. वर्गातली निम्मी मुलं साल्वादोर दाली या चित्रकाराच्या वितळत्या घड्याळांवर तुटून पडतात. ते चित्र १९३१ चं, आणि प्रत्यक्षात जेमतेम २४ बाय ३३ सेंटीमीटरचं आहे. पण फोटोतलं घड्याळ वितळवायचं म्हणजे धातूवरची चकाकी, काचेतलं प्रतिबिंब, वाकलेल्या कडेवरची सावली हे सगळं नव्याने रंगवावं लागतं. फिल्टर लावून नुसतं ओढलंत तर घड्याळ वितळत नाही, फोटो वितळतो. ज्याचा हात पेंटिंगमध्ये पक्का आहे त्याने जरूर करावं. माझा नाही. मला असं चित्र हवं होतं, ज्यातली प्रत्येक वस्तू सरळ फोटोत मिळेल आणि फक्त त्यांचं एकत्र येणं अशक्य असेल. बेल्जियन चित्रकार रेने मॅग्रीत यासाठी सोन्यासारखा.

त्याचं ‘गोलकोंडा’ १९५३ सालचं. कॅनव्हासवर तैलरंग, सुमारे ८१ बाय १०० सेंटीमीटर, सध्या अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेनिल कलेक्शनमध्ये. लाल कौलांची साधी घरं, वर निळसर आभाळ, आणि हवेत जागोजागी काळ्या ओव्हरकोटातली, बोलर हॅट (गोल माथ्याची काळी टोपी) घातलेली माणसं. ती खाली पडताहेत, वर चाललीत की नुसतीच उभी आहेत, काही कळत नाही. नाव आपल्या हैदराबादजवळच्या, हिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गोवळकोंड्यावरून आलंय. ते मॅग्रीतने नाही, त्याचा कवी मित्र लुई स्कूतनेर याने सुचवलं. उजवीकडच्या घराच्या धुराड्यापाशी जो मोठा माणूस दिसतो, त्याला मॅग्रीतने याच मित्राचा चेहरा दिलाय.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी चित्राकडे नीट बघा. मी त्याचा प्रिंट काढून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि प्रत्येक माणसाच्या डोक्यावर एक ठिपका दिला. ठिपके जोडल्यावर षटकोनी जाळी निघाली. एक ओळ, खालची ओळ अर्ध्या अंतराने सरकवलेली, पुन्हा पहिलीसारखी. अशा जाळ्या एकामागे एक आहेत: पुढची मोठ्या माणसांची, मागच्या लहान होत गेलेल्या. मॅग्रीत तरुणपणी वॉलपेपरच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायचा, नंतर पोटासाठी जाहिरातीही करायचा. म्हणजे आपल्याच लायनीतला माणूस. मला तरी त्या जाळीत वॉलपेपरच दिसतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या चित्रात कोणीही काहीही करत नाही. कोट उडत नाहीत, हात पसरलेले नाहीत, कोणी घाबरलेलं नाही. घरांच्या खिडकीतून कोणी बघतही नाही. अशक्य गोष्ट एकच आहे, बाकी सगळं कमालीचं रटाळ. आणि रटाळपणा फोटोत आणणं अवघड असतं, कारण आपला हात सारखा शिवशिवतो: जरा धुकं टाकू, वीज टाकू, आभाळ जांभळं करू. यातलं काहीही टाकलंत की ते सिनेमाचं पोस्टर होतं. या अख्ख्या कामात माझं एकच म्हणणं आहे. अशक्य गोष्ट एक ठेवा, आणि तिच्या भोवतीचा उजेड आणि अंतर यांत तसूभरही खोटं बोलू नका.

मुंबईत काय ठेवायचं, काय बदलायचं

मॅग्रीतच्या ब्रसेल्समधली घरं आपल्याकडे नाहीत आणि शोधत फिरायची गरजही नाही. लाल कौलं आमच्या गिरगावात अजून शिल्लक आहेत. पहिला विचार खोताच्या वाडीचा आला. पण तिथले लोक दारापुढे फोटो काढणाऱ्यांना आधीच वैतागलेत. जायचं असेल तर विचारून, सकाळी, गुपचूप काम उरकून यावं. मी शेवटी आमच्या समोरचीच चाळ घेतली. लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, वर मंगलोरी कौलं, आणि मधे एवढं अंतर की आमच्या दुसऱ्या मजल्यावरून ती सबंध चौकटीत बसते.

माणसं कोणती, यावर वर्गात बरीच चर्चा झाली. सगळ्यांनी एका सुरात सुचवलं, डबेवाले. मला ते नको होतं. डबेवाला म्हटला की बघणाऱ्याला लगेच ‘मुंबईचं प्रतीक’ आठवतं, आणि मॅग्रीतचा माणूस कशाचंच प्रतीक नाही, तो नुसता ऑफिसला जाणारा कोणीतरी आहे. शिवाय पांढरे कपडे पावसाळी आभाळात विरून जातात. बाह्यरेषा गडद हवी. मग शेजारच्या काकांची राखाडी सफारी आठवली. बँकेतून निवृत्त होताना शिवलेली, वर्षातून एकदा लग्नाला बाहेर निघणारी. त्यावर हाताला अडकवलेली मिटलेली काळी छत्री, आणि डोक्यावर आमच्या आजोबांची पेटीतली काळी टोपी. सर म्हणाले, ‘टोपीवरून लोक भलते अर्थ काढतील, विचार कर.’ मी विचार केला आणि टोपी ठेवली. आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी कारकून तीच घालून ऑफिसला जायचे, आणि मला डोक्यावर एक ठाम काळा आकार हवाच होता. तुमच्या चित्रात दुसरं काही असेल. फक्त लांबून, अंगठ्याएवढा दिसला तरी ओळखू येईल असा आकार निवडा, कारण मागच्या जाळीतला माणूस तेवढाच राहणार आहे.

इमारतीचा फोटो

हा फोटो आधी काढायचा, माणसांचे नंतर. कारण उजेड कुठून येतो, हे इमारत ठरवते. माणसांनी तिचं ऐकायचं असतं. उलट केलंत तर दहा माणसांच्या मापाची इमारत शोधत हिंडावं लागेल.

रस्त्यावरून वर बघून काढू नका. इमारतीच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, आणि मॅग्रीतच्या घरांच्या भिंती तशा झुकत नाहीत. समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावरून, मोबाइल अगदी सरळ धरून काढा. स्क्रीनवर ग्रिड चालू ठेवा आणि एक उभा खांब ग्रिडच्या रेषेवर बसवा. उरलेला थोडा तिरकेपणा नंतर लेन्स करेक्शनमध्ये निघतो. वाइड लेन्स वापरू नका, कडेच्या खिडक्या ताणल्या जातात.

उजेडासाठी ढगाळ दिवस. पावसाळ्यात मुंबईचं आभाळ आपल्याला फुकटात केवढा मोठा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओतला मऊ, पसरलेला उजेड देणारा दिवा) देतं, याची कदर कोणी करत नाही. भर उन्हात काढलात तर सूर्याचा कोन प्रत्येक माणसाच्या फोटोत तसाच जुळवावा लागतो, आणि आपली मुंबई १९ अंश उत्तरेला असल्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत मधेच ऊन पडलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. ढग भरलेले असतील तर सकाळी काढलेली इमारत आणि चार दिवसांनी काढलेले काका बिनतक्रार जुळतात.

आता खरी गंमत. आपल्या चित्रात कोणी बघायला नको, आणि चाळीची गॅलरी कधी रिकामी असते? एक काकू कपडे वाळत घालतात, दोन पोरं पळतात, कोणी फोनवर बोलत फेऱ्या मारतं. यावर उपाय सोपा आहे. मोबाइल ट्रायपॉडवर पक्का बांधा. ट्रायपॉड नसेल तर कठड्याला कापडी पट्टीने आवळा. दुपारी जेवणं झाल्यानंतरच्या सुस्तीत, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने फोटो काढत राहा. मग सगळे एकावर एक लेयरमध्ये (थरांत) ठेवा. पहिल्या फोटोत जिथे काकू उभ्या आहेत, तिथला रिकामा कठडा तिसऱ्या फोटोत असतोच. मास्क करून, म्हणजे लेयरचा नको तो भाग झाकून, तेवढाच भाग उघडा. हळूहळू सगळी माणसं पुसली जातात. वाळत घातलेले कपडे मात्र मी ठेवले, कारण कपडे आहेत आणि माणसं नाहीत, हे जास्त बोचतं. आभाळातून माणसं पडताहेत आणि गिरगावातल्या चाळीत एकही जण गॅलरीत येऊन बघत नाही, याहून अशक्य ते काय? आमच्या चाळीत साधी रुग्णवाहिका आली तरी तीन मजले बाहेर येतात.

केबलच्या वायरी, डिश, कबुतरांच्या जाळ्या काढायच्या की ठेवायच्या? मी निम्म्या काढल्या. सगळ्या काढल्या तर चाळ खोटी दिसते, सगळ्या ठेवल्या तर डोळा आभाळाकडे जातच नाही. एक जाड वायर मुद्दाम ठेवली. तिचा उपयोग पुढे सांगते.

मोबाइलच्या सेटिंगचं थोडक्यात. एचडीआर बंद, कारण तो प्रत्येक फोटोत उजेड आपल्या मर्जीने बदलतो. प्रो मोड असेल तर आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ६५०० केल्व्हिनवर लॉक, आणि जमल्यास रॉ (मोबाइलने काहीही न बदललेली फाइल). पोर्ट्रेट मोडला हात लावू नका. तो मागचं खोटंखोटं धूसर करताना टोपीची कडही खातो. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो. मूळ चित्राचं प्रमाण जवळजवळ ५:४ आहे, म्हणून कडेचा भाग कापून मी ३७५० बाय ३००० ठेवला. ए-थ्री कागदावर तो २५० डीपीआयच्या आसपास बसतो, आणि हातभर अंतरावरून बघायला तेवढा पुष्कळ झाला.

माणसं

मैत्रिणींचा सल्ला होता, सगळ्यांना उड्या मारायला लाव. फोटोग्राफर फिलिप हाल्समनने १९४८ मध्ये दालीला उडी मारायला लावून, मांजरं आणि पाणी हवेत फेकून जो फोटो काढला, तो सगळ्यांच्या डोक्यात असतो. पण उडीत कपडे उडतात, गुडघे वाकतात, चेहऱ्यावर जोर दिसतो. तो रस्ता वेगळा. मॅग्रीतची माणसं बसस्टॉपवर उभी असतात तशीच हवेत उभी आहेत. तेव्हा आपल्यालाही उभीच माणसं हवीत.

जागा गच्ची. घरात किंवा गॅलरीत काढाल तर उजेड एकाच बाजूने येईल. हवेतल्या माणसावर तो चारी बाजूंनी यायला हवा. मागे फिकट राखाडी चादर ताणा, साधारण ढगाळ आभाळाच्याच उजळपणाची. हिरवा पडदा आणू नका. हिरव्याची झाक सफारीच्या बाह्यांवर आणि कानांच्या कडांवर चढते आणि ती पुसता पुसता जीव जातो. चादर आभाळाच्या रंगाची असली की कापताना कडेला तिचा केसभर भाग राहिला तरी डोळ्यांना खुपत नाही. पायाखाली पांढरी चादर अंथरा. हवेत तरंगणाऱ्या माणसाच्या खाली काळपट गच्ची नसते, त्यामुळे हनुवटीखाली आणि पॅन्टच्या घड्यांत थोडा उजेड खालूनही यायला हवा. तो ही चादर देते.

उभं करायचं स्टुलावर, आणि असं की टाचा आणि चवडे दोन्ही स्टुलाच्या कडेबाहेर थोडे येतील. इथे जरा डोळे फोडून बघा. जमिनीवर उभ्या माणसाच्या बुटाचा तळ सपाट दबलेला असतो आणि त्याच्याखाली एक बारीक, गडद सावलीची रेघ असते. ती रेघ चित्रात राहिली तर माणूस अदृश्य लादीवर उभा वाटतो. बूट कापताना ती रेघ बाहेर ठेवा, आणि तळाच्या कडेला एक पिक्सेलभर उजळपणा द्या. एवढ्याने माणूस हवेत जातो. पॅन्टची मोहरी बुटावर मोडलेली असेल तर तशीच राहू द्या. इस्त्री केलेल्या कपड्यातला नेहमीचा माणूस तिथेच दिसतो.

काका स्टुलावर चढले आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना.

‘काका, छत्री डाव्या हाताला अडकवा. आणि हनुवटी जरा खाली घ्या ना.’

‘अगं, फाशी दिल्यासारखा दिसत नाही ना मी?’

‘नाही हो. तुम्ही आपले चर्नी रोडला फास्ट लोकलची वाट बघताय, असं समजा.’

‘चर्नी रोडला फास्ट थांबते का?’

चेहऱ्यावर जे हवं होतं ते त्या प्रश्नाने आलं. काकू जिन्यातून ओरडत होत्या, सफारीला डाग पडला तर बघा म्हणून. मॉडेलला ‘गंभीर चेहरा करा’ असं कधीच सांगू नका, तो रडका चेहरा करतो. त्याला हिशोबाचा काहीतरी प्रश्न घाला.

कॅमेऱ्याची उंची हा या चित्राचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर. खऱ्या आयुष्यात डोळ्यांच्या वर असलेल्या माणसाचे तळवे दिसतात आणि खाली असलेल्याच्या टोपीचा माथा दिसतो. मॅग्रीतने हा नियम धाब्यावर बसवलाय. वरचा असो की खालचा, त्याचा प्रत्येक माणूस समोरासमोर उभा दिसतो. चित्रातली अस्वस्थता मला वाटतं बरीचशी इथून येते. त्यामुळे प्रत्येक उंचीसाठी वेगळा कोन काढत बसायचं नाही. मोबाइल मॉडेलच्या पोटाच्या उंचीवर, शक्य तितक्या लांब ठेवा आणि २एक्स किंवा ३एक्स लेन्स वापरा. लांबून काढला की डोकं मोठं आणि पाय लहान असा प्रकार होत नाही. आमच्या गच्चीच्या दोन टोकांत जेवढं अंतर मिळालं तेवढं मी सगळं वापरलं.

प्रत्येक मॉडेलचे समोरून, डावीकडे पाऊण वळून, उजवीकडे पाऊण वळून आणि पूर्ण बाजूने असे फोटो घ्या. काकांशिवाय मी दादाला आणि वाण्याच्या दुकानातल्या एका मामांना तीच सफारी चढवली. मामांना ती पोटावर होईना, म्हणून मागून पिना लावल्या. समोरून पिना दिसत नाहीत. पण बाजूने दिसतात, तेव्हा ते कोन सोडून द्या. एकाच माणसाचा एकच फोटो शंभर वेळा चिकटवला तर डोळा दोन सेकंदांत पकडतो. तीन माणसं, चार कोन, आणि काहींना आडवं उलटवलं तर बराच काळ पकडला जात नाही. मात्र उलटवताना सफारीचा खिसा आणि बटणांची बाजूही उलटते. पुढच्या मोठ्या माणसांत ते करू नका.

कापणं आणि जाळी बसवणं

फोटोशॉप कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर उत्तम. घरी मी फोटोपी वापरलं, ते ब्राउझरमध्येच चालतं आणि फुकट आहे. जिंपही फुकट आहे. तिन्हींत लेयर, मास्क, पेन किंवा पाथ, कर्व्ह्ज मिळतात, आणि या कामाला त्याहून जास्त काही लागत नाही.

पुढच्या जाळीतली माणसं पेन टूलनेच कापा. ऑटो सिलेक्शनचं बटण चेहरा नीट पकडतं, पण छत्रीची मूठ आणि बोटांमधली फट हमखास खातं. मागच्या लहान माणसांना ऑटो चालतं. खोडरबर वापरू नका, नेहमी मास्क. चुकलेली कड मास्कमध्ये परत मिळते. कापून झालं की मास्कची कड एक पिक्सेल आत घ्या आणि अर्धा पिक्सेल मऊ करा. फोटोतल्या चाळीच्या कठड्याकडे झूम करून बघा, त्याची कड जेवढी मऊ आहे तेवढीच माणसाची असू द्या. अतिधारदार कड म्हणजे कात्रीने कापलेलं कात्रण.

आता जाळी. पुढच्या माणसाची उंची मी ५२० पिक्सेल धरली आणि दोन माणसांमधलं आडवं अंतर ९००. पुढच्या आकड्यांसाठी प्रत्येक वेळी ०.५८ ने गुणायचं: मधली माणसं ३०० पिक्सेल, अंतर ५२०, मागची १७५ च्या आसपास, अंतर ३००. माणूस आणि अंतर एकाच पटीत लहान झालं पाहिजे. नुसती माणसं लहान केली तर ती लांब गेलेली वाटत नाहीत, बुटकी वाटतात. दोन ओळींमधलं उभं अंतर आडव्या अंतराच्या ०.८७ पट ठेवा आणि एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवा. गाइड लावून आधी नुसते लाल ठिपके ठेवून बघा. तिन्ही जाळ्या एकमेकींवर नीट बसल्या तर मागचे ठिपके पुढच्यांच्या मागे दडतात. मधली जाळी थोडी डावीकडे आणि मागची थोडी उजवीकडे सरकवली की ते फटीत येतात. यात वेळ घालवा. माणसं चिकटवल्यावर सरकवणं म्हणजे डोक्याला ताप.

लांब गेलेला माणूस फिका दिसतो, कारण मधे हवा असते, आणि आपल्याकडे तर हवेत दमटपणाही असतो. लेव्हल्समध्ये आउटपुटचं काळं टोक वर घ्या. पुढच्या जाळीला १२-१५, मधलीला ३५, मागचीला ६० च्या आसपास. वर आभाळाच्या रंगाची अगदी हलकी झाक. ओपॅसिटी कमी करून, म्हणजे माणूस अर्धपारदर्शक करून, फिकं करू नका, आरपार आभाळ दिसायला लागतं आणि काकांचं भूत होतं.

यापुढे ती जाड वायर. मधल्या जाळीतल्या एका माणसाच्या पुढून ती गेली पाहिजे, म्हणून त्या माणसाच्या मास्कमध्ये वायरएवढी काळी रेघ ओढा. तसंच दोन-तीन जणांचे पाय कौलांच्या मागे लपू द्या आणि एकाचा खांदा पाण्याच्या टाकीआड. माणसं फक्त इमारतीच्या पुढे तरंगत असतील तर ती काचेवर चिकटवलेली वाटतात. एखादा मागे गेला की सगळ्यांना जागा मिळते. मूळ चित्रातल्या स्कूतनेरच्या जागी, टाकीपाशी, मी दादाला ठेवलं, कारण या कामाला नाव त्याने सुचवलं होतं. ते नाव इथे लिहिण्यासारखं नाही.

सावल्या कमीत कमी ठेवा. ढगाळ उजेडात भिंतीपासून लांब असलेल्या माणसाची सावली भिंतीवर पडतच नाही. भिंतीला अगदी लागून असलेल्या एक-दोघांनाच द्या. माणसाची प्रत काळ्याने भरा, मल्टिप्लायवर (खालचं गडद करणाऱ्या ब्लेंड मोडवर) टाका, भरपूर ब्लर, ओपॅसिटी १५ टक्क्यांच्या आत, आणि थोडी खाली सरकवा. सगळ्यांना सावल्या देण्याचा मोह होतो. टाळा.

शेवटी सगळ्यावर एकच कर्व्ह आणि एकच दाणा (फोटोतली बारीक खरखर). करड्या रंगाचा लेयर घ्या, त्यावर ३-४ टक्के नॉइज, ब्लेंड मोड ओव्हरले. लहान केलेल्या माणसांतला मूळ दाणा पुसला गेलेला असतो आणि चाळीतला शिल्लक असतो. वरून सगळ्यांना सारखा दाणा मिळाला की वेगवेगळ्या दिवशीचे फोटो एका दिवसाचे होतात. मग चित्र आडवं उलटवून आणि एकदा काळंपांढरं करून बघा. ज्याचा उजळपणा चुकलाय तो माणूस लगेच ओरडतो.

एआयचं विचारतातच सगळे. भिंतीचा एखादा कोपरा भरायला जनरेटिव्ह फिल घेतलं तर आमचे सर ओरडत नव्हते, मात्र प्रोसेस शीटवर तसं लिहावं लागायचं. माणसं त्याच्याकडून करून घेऊ नका. एक तर हातातली छत्री आणि बोटं तो आपण सांगू तशी काढत नाही, आणि दुसरं म्हणजे काका त्यात नसतात.

सबमिशन

मॅग्रीत १९६७ साली गेला. आपल्या कायद्यात कलाकृतीचा कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणजे भारतात २०२७ संपेपर्यंत. वर्गातल्या अभ्यासासाठी काम करणं वेगळं, आणि त्याचे टी-शर्ट छापून विकणं वेगळं. शीर्षकाखाली मूळ चित्राचं आणि चित्रकाराचं नाव लिहा, आणि मॉडेलनी होकार दिलाय की नाही ते इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी विचारा. समोरच्या चाळीतल्यांनाही. संदर्भ म्हणून सर तुम्हाला पुष्पमाला एन. यांची रविवर्म्याच्या चित्रांवरून केलेली फोटो-कामं आणि विवान सुंदरम यांची अमृता शेर-गिलच्या घरातल्या जुन्या फोटोंमधून रचलेली डिजिटल मोंताज (फोटोंचे तुकडे जोडून केलेली चित्रं) बघायला सांगतील. सांगितलं नाही तरी बघा. मूळ कामाची नक्कल कुठे थांबवायची, हे त्यांत दिसतं.

प्रिंट फोर्टात काढला. आधी ए-फोरवर एक पट्टी काढून बघा, कारण स्क्रीन मागून उजळलेली असते आणि कागद नसतो; सफारीच्या घड्या हमखास काळ्या होऊन येतात. माझ्या पट्टीत तेच झालं होतं, मग सावल्यांचा भाग थोडा उचलून फायनल दिलं. मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर आभाळात ट्यूबलाइट दिसते.

आणि लेयर असलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर सोबत न्या, सपाट जेपीजी नव्हे. ज्युरीतल्या बाई प्रिंटकडे एकदा बघतात आणि सरळ म्हणतात, ‘मधली जाळी बंद करून दाखव.’ लेयरना नावं दिलेली असली तर एका क्लिकमध्ये बंद होते. ‘लेयर ४७ कॉपी २’ असं असेल तर तुम्ही शोधत बसता आणि मागे रांग लागते.